ब्लेडमागचा तोटा मोजताना: टर्बाइन कॅस्केडवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

एम.ई.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी माझा पहिला वेक-ट्रॅव्हर्स काढला, म्हणजे ब्लेडमागच्या मंद हवेचा पट्टा (वेक) ओलांडत जागोजागी दाब मोजला, आणि आलेख घेऊन सरांकडे गेलो. ब्लेडच्या मागे दाब खड्ड्यासारखा पडलेला दिसत होता, ते ठीकच. पण दोन ब्लेडच्या मधे, जिथून हवा कशालाही न घासता निघून जाते, तिथे तोटा उणे १२ पास्कल आला होता. म्हणजे आत शिरताना हवेने जेवढं आणलं, त्याहून जास्त घेऊन ती बाहेर पडली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "मधे कुठे पंखा लावला होतास काय रे?"

माझा तोडगा तयार होता: सगळ्या आकड्यांत १२ मिळवून टाकायचे. सर काही बोलले नाहीत. उठले, लॅबमध्ये आले आणि एकेक नळी बोटांनी चाचपत निघाले. ब्लेडच्या आधीच्या टोटल प्रेशरच्या (हवा पूर्ण थांबवल्यावर मिळणाऱ्या दाबाच्या) नळीपाशी, पितळी निपलच्या तोंडाशी थांबले आणि नळी जराशी वाकवली. केसाएवढी चीर. तीन आठवड्यांचा डेटा त्या चिरेतून गेला होता.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की या कामातली जवळजवळ प्रत्येक अडचण याच जातीची असते. ब्लेडमधला तोटा म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची लहानशी वजाबाकी. मोठे आकडे कुणालाही मोजता येतात. ती लहान वजाबाकी शाबूत ठेवणं हेच काम, आणि खाली जे काही सांगतो आहे ते सगळं त्यासाठीच.

आधी काय मोजायचं ते

टर्बाइनच्या ब्लेडची गोल रांग उलगडून सरळ मांडली की तिला लिनिअर कॅस्केड म्हणतात. पाच-सात सारखे ब्लेड, समोरून ब्लोअरची हवा, मागे मोकळी खोली. काहीच फिरत नाही. त्यामुळे इथे टर्बाइनची संपूर्ण कार्यक्षमता मोजता येत नाही. त्यासाठी शाफ्टवरचा टॉर्क आणि फिरणारी स्टेज लागते. इथे कळतं ते एवढंच, की ब्लेडच्या दोन भिंतींमधून वळताना आणि वेग घेताना हवेने किती गमावलं. पण ते नीट कळतं, म्हणून कॅस्केड अजून टिकून आहे.

नवीन मुलांचा पहिला प्रश्न असतो, की ऊर्जा गेली तर तापमान का नाही मोजायचं? कारण स्थिर ब्लेडमध्ये कुणी काम काढून घेत नाही आणि उष्णताही बाहेर जात नाही, त्यामुळे टोटल तापमान आधी जेवढं, नंतरही तेवढंच. थर्मामीटरला काही दिसणारच नाही. दिसतं ते टोटल प्रेशरला. केंब्रिजच्या जॉन डेंटन यांनी १९९३ च्या त्यांच्या प्रसिद्ध व्याख्यानात तोट्याचं खरं माप म्हणजे एंट्रॉपीची (ऊर्जा किती वाया गेली ते सांगणाऱ्या राशीची) वाढ, असं आग्रहाने मांडलं होतं. टोटल तापमान न बदलता टोटल प्रेशर जेवढं घसरतं, तेवढी एंट्रॉपी वाढते. म्हणून आपण दाब मोजतो, पण हिशेब एंट्रॉपीचाच चाललेला असतो.

पुढे बोलायला एक उदाहरण धरू. ब्लेडची कॉर्ड, म्हणजे पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतची लांबी, १०० मिमी, दोन ब्लेडमधलं अंतर म्हणजे पिच ८० मिमी, ब्लेडची उंची २०० मिमी, एकूण पाच ब्लेड. हवा सरळ आत येते आणि अक्षाशी ६४ अंश वळून बाहेर पडते. बाहेरचा वेग ५० मीटर प्रतिसेकंद. ६४ अंशांचा कोसाइन ०.४४, म्हणून आतला वेग साधारण २२. एवढ्याला सेकंदाला पावणेदोन घनमीटर हवा लागते. साडेसात एचपीचा ब्लोअर पुरतो. कॉलेजच्या फ्लुइड लॅबमध्ये कोपऱ्यात बसेल असं हे प्रकरण आहे.

पुण्याची हवा

आमच्या लॅबमध्ये नव्या बॅचची पहिली चूक दरवर्षी हीच: घनता १.२२५. पुस्तकात छापलेली आहे म्हणून. ती समुद्रसपाटीवरची, १५ अंशांची हवा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथला खरा दाब ९४० ते ९५० हेक्टोपास्कलच्या घरात असतो. ९४७ हेक्टोपास्कल आणि ३० अंश धरा, २८७ आणि केल्विन तापमानाने भागा, घनता येते १.०९.

दुसरी चूक जरा हुशार मुलांची असते. ते मोबाइलच्या हवामान ॲपमधला दाब घेतात, १००८ वगैरे. हवामान खातं नकाशावर दाखवतं तो दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येते. आपली हवा मात्र समुद्रसपाटीवर नाही, ती लॅबमध्ये आहे. हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या चौकातून रोज ये-जा करणाऱ्या मुलांनी तरी ही चूक करू नये, असं मी त्यांना म्हणतो. लॅबमध्ये बॅरोमीटर नसेल तर ज्या फोनमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असतो, त्याचं कच्चं रीडिंग घ्या. ते जागेवरचं असतं.

फरक किती पडतो? १३६२ पास्कलच्या डायनॅमिक प्रेशरवरून, म्हणजे हवेच्या वेगामुळे येणाऱ्या दाबावरून, वेग काढला तर घनता १.०९ धरून ५० मीटर प्रतिसेकंद येतो आणि १.२२५ धरून ४७. पावसाळ्यात हवेतल्या बाष्पामुळे घनता आणखी एखादा टक्का उतरते. मेमध्ये दुपारी खोलीत ३८ अंश आणि डिसेंबरच्या सकाळी १२ अंश, यांत घनतेचा फरक नऊ-दहा टक्क्यांचा.

यात एक दिलासाही आहे. कमी वेगाच्या कॅस्केडमध्ये तोट्याचा गुणांक म्हणजे दाबाला दाबाने भागणं, त्यात घनता कटून जाते. म्हणजे १.२२५ वापरूनही गुणांक बरोबरच येतो! चुकतो तो वेग, आणि वेगाबरोबर रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे हवेचा जोर तिच्या चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा. आपल्या उदाहरणात बाहेरचा वेग आणि कॉर्ड धरून तो २.९ लाखांच्या आसपास येतो. टर्बाइन ब्लेडसाठी दोन लाखांच्या खाली गेलं की सक्शन बाजूवर, म्हणजे ब्लेडच्या फुगीर, कमी दाबाच्या बाजूवर, प्रवाह सुटण्याची भीती वाढते आणि तोटा चढायला लागतो. आपण त्या उंबरठ्याच्या थोडे वर उभे आहोत, म्हणून कुठे उभे आहोत हे नेमकं माहीत असलेलं बरं.

ब्लेड आणि नळ्या

ब्लेड कशाचे करायचे? भोसरीत वायरकट करून ॲल्युमिनियमचे मिळतात, पैसे जास्त जातात. आजकाल बहुतेक जण थ्रीडी प्रिंट करतात. चालतं, पण दोन गोष्टींवर डोळा ठेवा. प्रिंटच्या थरांच्या रेघा प्रवाहाला आडव्या आल्या तर त्या ठिकाणी बाउंडरी लेयर, म्हणजे पृष्ठभागालगतचा मंद हवेचा थर, लवकर टर्ब्युलंट (खवळलेला) होतो; पुट्टी, प्रायमर आणि बारीक पॉलिश पेपर मारल्याशिवाय मोजू नका. दुसरं, ब्लेडची मागची धार. डिझाइनमध्ये ती एक मिमी असते, प्रिंट करताना मोडते, मग कुणीतरी मुकाट्याने दोन मिमी करून टाकतं. जाड धारेमागे हवेचा मेलेला पट्टा पडतो आणि त्यामुळे तोटा वाढतो. मुलं मग महिनाभर सॉफ्टवेअरला दोष देतात. प्रत्येक ब्लेडची धार व्हर्नियरने मोजा आणि वहीत लिहा.

स्टॅटिक प्रेशरची (बाजूने वाहणारी हवा पृष्ठभागावर देते त्या दाबाची) छिद्रं मधल्या दोन ब्लेडवर, एकाच वाटेकडे तोंड करून: एका ब्लेडच्या सक्शन बाजूवर आणि शेजारच्याच्या प्रेशर बाजूवर. त्यामुळे एक संपूर्ण वाट दोन्ही भिंतींकडून दिसते. छिद्र अर्धा ते पाऊण मिमी, पृष्ठभागाला काटकोनात, कडेला बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धातूची कड, नको. नखाने खरवडून बघा. नखाला जाणवलं तर दाबालाही जाणवतं.

नळ्या हा दुर्लक्षित विषय आहे, म्हणून जरा थांबतो. विद्यार्थी औषधाच्या दुकानातून सलाइनच्या नळ्या आणतात. स्वस्त, पारदर्शक, काम भागतं. पण त्या काही महिन्यांत कडक होतात आणि निपलपाशी चिरतात. माझी गोष्ट आठवा. सिलिकॉनच्या नळ्या घ्या. त्या आणि क्लिपा, टी-जोड, छोटे व्हॉल्व्ह बोहरी आळीत फिरून जमवता येतात. सेन्सर आणि वायरिंगचं सामान पासोड्या विठोबाच्या आसपास. एका दिवसात दोन्ही उरकतं, आणि पार्किंग शोधण्यात जाणारा वेळ मी मुद्दाम धरत नाही.

प्रत्येक नळी लावल्यावर गळती तपासायची. पद्धत सोपी आहे. टोकाचं छिद्र टेपने बंद करा, टी-जोडाला इंजेक्शनची सिरिंज लावून मॅनोमीटर १०० मिमी पाण्यापर्यंत चढवा, सिरिंजची वाट चिमट्याने बंद करा आणि मिनिटभर बघत बसा. पाणी हललं नाही तर नळी पास. हललं तर कुठे ते शोधा. चाळीस नळ्यांना दीड-दोन तास जातात. आमच्या लॅबचे काका हे काम दर सोमवारी सकाळी चहाच्या आधी करतात, कुणी सांगितलं नसलं तरी.

हवा सगळ्या वाटांतून सारखी जाते का?

खऱ्या टर्बाइनमध्ये ब्लेडची रांग गोल, तिला टोक नसतं. आपल्याकडे पाचच ब्लेड आणि दोन्ही टोकांना भिंती. त्या भिंती हवा वेडीवाकडी ढकलतात. म्हणून शेवटच्या ब्लेडला जोडून टेलबोर्ड असतात, बिजागरीवर फिरणाऱ्या फळ्या. त्या हलवत राहायचं, जोपर्यंत मधल्या तिन्ही ब्लेडचे वेक एकसारखे दिसत नाहीत: ८० मिमीच्या अंतराने, सारखे खोल, सारखे रुंद. शिवाय कॅस्केडच्या आधी भिंतीवर रांगेने स्टॅटिक छिद्रं ठेवली तर तीही एकच आकडा दाखवायला हवीत.

यात एक दिवस जातो, कधी दोन. टेलबोर्ड एक अंश हलवला की वेक एकीकडे सरकतो, मग दुसरा हलवावा लागतो. कंटाळा येतो, खरं आहे. पण तीन वेक जुळत नसताना काढलेला तोटा तुमच्या ब्लेडचा नसतो, तुमच्या खोक्याचा असतो.

ब्लोअरनंतर हनीकोंब (मधमाशांच्या पोळ्यासारखी नळ्यांची चौकट) आणि जाळ्या असल्या की येणारी हवा अगदी शांत असते, टर्ब्युलन्स टक्काभर किंवा त्याहून कमी. खऱ्या इंजिनात हवा याहून कितीतरी खवळलेली असते. शांत हवेत सक्शन बाजूवर लॅमिनार बबल, म्हणजे पृष्ठभागापासून सुटून परत चिकटलेल्या प्रवाहाखालचा हवेचा फुगा, तयार होतो, खवळलेल्या हवेत तो होतच नाही किंवा आखडतो. म्हणून शक्य असेल तर समोर सळ्यांची ग्रीड लावून आणि न लावता, दोन्ही मोजा.

प्रोब

आंरी पितो यांनी १७३२ मध्ये सीन नदीत काचेची वाकडी नळी बुडवून प्रवाह मोजला. आपण तेच करतो, फक्त नळी बारीक आहे आणि एकीच्या जागी तीन.

त्यांच्याच नावाची साधी पिटो नळी प्रवाहाकडे तोंड करून असली तर टोटल प्रेशर छान देते, आणि पाच-दहा अंश तिरकी झाली तरी फारसं बिघडत नाही. पण ६४ अंशांनी वळून येणाऱ्या हवेचा नेमका कोन आपल्याला आधी कुठे माहीत असतो? म्हणून थ्री-होल प्रोब: मधलं छिद्र टोटल प्रेशरला, दोन तिरकी छिद्रं कोन ओळखायला. नव्या माणसाने आधी नलिंग पद्धत शिकावी. प्रोब फिरवत जायचा, दोन्ही बाजूंच्या छिद्रांचा दाब सारखा झाला की थांबायचं आणि चकतीवरचा कोन वाचायचा. हळू काम आहे, पण हाताला प्रवाह कळतो. नंतर कॅलिब्रेशन चार्ट वापरून न फिरवता मोजा. त्यासाठी माहीत असलेल्या जेटमध्ये प्रोब उणे ३० पासून अधिक ३० अंशांपर्यंत फिरवून गुणांकांचे तक्ते बनवावे लागतात. प्रोब खाली पडला, टोक जरासं जरी चेपलं, की तो तक्ता रद्द.

प्रोबचं डोकं किती बारीक हवं? इथे एक फसवणूक होते. आपण पिचच्या दिशेने सरकतो, पण वेक ६४ अंशांनी तिरका येतो. पिचच्या दिशेने १६ मिमी रुंद दिसणारा वेक प्रत्यक्षात सात मिमी जाडीचा असतो. त्यात सहा मिमीचा प्रोब खुपसला तर तुम्ही वेक मोजत नाही, वेकवर बोळा फिरवता. दोन-तीन मिमीच्या वर जाऊ नका.

वेकच्या कडांवर प्रोब आणखी एक खोटं सांगतो. तिथे दाब इतका झपाट्याने बदलतो की डावं छिद्र एका दाबात आणि उजवं दुसऱ्यात असतं. प्रोबला वाटतं हवा वळली. आलेखात कोन एका कडेला वर आणि दुसऱ्या कडेला खाली उसळलेला दिसला, की प्रवाहात काहीतरी नवं सापडलं असं समजू नका.

ट्रॅव्हर्स: वजाबाकी जागेवरच करा

आता मुख्य गोष्ट. आपल्या उदाहरणात ब्लेडच्या आधीचं टोटल प्रेशर खोलीच्या दाबापेक्षा १३६२ पास्कल वर आहे, म्हणजे १३९ मिमी पाणी. सरासरी तोटा याच्या तीन टक्क्यांच्या आसपास, ४० पास्कल, पाण्यात चार मिमी.

आधीचा दाब एका सेन्सरने आणि नंतरचा दुसऱ्याने मोजला आणि प्रत्येकात एक टक्का चूक असली, तर प्रत्येकी १४ पास्कलची चूक. दोन्ही मिळून वजाबाकीत २० पास्कल जाऊ शकतात. चाळीसमधले वीस! म्हणून दोन नळ्या एकाच डिफरन्शियल (दोन दाबांमधला फरक मोजणाऱ्या) सेन्सरच्या दोन तोंडांना लावा: एकीकडे टनेलमधली, म्हणजे ब्लेडकडे हवा आणणाऱ्या बोगद्यातली, स्थिर पिटो, दुसरीकडे सरकणारा प्रोब. वजाबाकी सेन्सरच्या पडद्यावरच होते. आता एक टक्का चूक म्हणजे अर्धा पास्कल. शिवाय ब्लोअर व्होल्टेजबरोबर थोडा वर-खाली झाला तर दोन्ही बाजू एकत्र हलतात. सेन्सरही त्या मापाचा घ्या. वेकच्या तळाशी फरक ५०० पास्कलच्या आत असतो, तेव्हा अधिक-उणे ५०० चा पुरतो. दहा हजार पास्कलचा सेन्सर "पुढे कामाला येईल" म्हणून घेणं म्हणजे सोनं तोलायला बटाट्याचा काटा.

प्रोब ब्लेडच्या मागच्या धारेपासून अर्ध्या कॉर्डवर ठेवा. फार जवळ गेलात तर वेक अरुंद आणि स्टॅटिक प्रेशर ओबडधोबड. फार लांब गेलात तर शेजारचे वेक एकमेकांत मिसळतात. वेकमध्ये दोन मिमीची पावलं, जमलं तर एकाची. मोकळ्या हवेत पाचची चालतील.

प्रत्येक पावलावर थांबायचं किती? बारीक, लांब नळीतून दाब पोहोचायला वेळ लागतो. मोकळ्या हवेतून वेकच्या मधोमध प्रोब एकदम सरकवा आणि आकडा बसायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघा. त्याच्या दुप्पट थांबा, मग दहा सेकंदांची सरासरी घ्या. आणि एकदा डावीकडून उजवीकडे झालं की उजवीकडून डावीकडे परत या. दोन आलेखांतले वेक एकमेकांवर बसले नाहीत तर एक तर तुम्ही घाई केली, नाहीतर ट्रॅव्हर्सच्या स्क्रूला बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई, आहे.

सुरू करण्याआधी ब्लोअर अर्धा तास चालू ठेवा. बंद खोलीत हवा फिरून फिरून तापते. उन्हाळ्यात तर तापमान सरळ चढत जातं. दर दहा मिनिटांनी तापमान टिपा. शून्य आधी आणि शेवटी, दोन्ही वेळा तपासा.

आणि पहिली खूण हीच: दोन वेकच्या मधे, मोकळ्या हवेत, आकडा शून्याला एक-दोन पास्कलच्या आत बसला पाहिजे. ब्लेडच्या मधल्या उंचीवर, भिंतींपासून दूर, तिथे तोटा नसतोच. बसत नसेल तर काहीही मिळवू नका, वजा करू नका. उठा आणि नळ्या चाचपा.

एकाच डेटाची दोन उत्तरं

समजा एका वेकमध्ये दर दोन मिमीवर फरक मिळाला: ०, ४०, १५०, ३३०, ४८०, ४००, २२०, ८०, २०, ० पास्कल. बाकी सगळा पिच शून्य. बेरीज १७२०, गुणिले दोन मिमी, भागिले ८० मिमी. सरासरी ४३ पास्कल. १३६२ ने भागलं की ३.२ टक्के.

पण ही क्षेत्रावरची सरासरी झाली. वेकमधली हवा मंद असते, तिथून कमी हवा जाते, म्हणून तिच्या तोट्याला तितकं वजन द्यायला नको. प्रत्येक जागी वेगाच्या प्रमाणात वजन द्या. स्टॅटिक प्रेशर आणि कोन सगळीकडे सारखे धरले तर हे वजन म्हणजे उरलेल्या डायनॅमिक प्रेशरच्या गुणोत्तराचं वर्गमूळ; ४८० पास्कलच्या जागी ते ०.८ च्या थोडं वर येतं. वहीवर करून बघा: सरासरी ३८ पास्कलच्या आत येते, तोटा २.८ टक्के.

डेटा तोच, ब्लेड तेच. तीन पॉइंट दोन की दोन पॉइंट आठ? वस्तुमानावरची सरासरी घ्या, म्हणजे दुसरं. तिसरा मार्ग मिक्स्ड-आउट सरासरीचा: वेक पुढे पूर्ण मिसळून गेल्यावर होणारा तोटाही संवेगाच्या हिशेबाने आधीच धरायचा. तो वस्तुमानाच्या सरासरीपेक्षा थोडा जास्त येतो, पण प्रोब थोडा पुढे-मागे झाला तरी फारसा बदलत नाही, म्हणून दोन लॅबच्या तुलनेला बरा.

भाजक हा आणखी एक घोळ. ३८ पास्कलला १३६२ ने, म्हणजे तोटा झालाच नसता तर मिळालं असतं त्या आदर्श डायनॅमिक प्रेशरने, भागलं तर २.८ टक्के. बाहेरच्या प्रत्यक्ष डायनॅमिक प्रेशरने, म्हणजे तोटा वजा करून उरलेल्या १३२४ ने भागलं तर २.९. आणि कुणी कॉम्प्रेसरच्या सवयीने आतल्या डायनॅमिक प्रेशरने भागलं, जे २२ मीटरच्या वेगाला २६४ पास्कल आहे, तर तोच तोटा १४ टक्के होतो! टर्बाइनमध्ये बाहेरच्या वेगाने भागायची रीत आहे. एखाद्याचा तोटा तुमच्या पाचपट निघाला तर त्याच्या ब्लेडला नावं ठेवण्याआधी त्याचा भाजक विचारा.

भिंतीजवळ

आतापर्यंत ब्लेडच्या मधल्या उंचीवरच होतो. ब्लेडची टोकं ज्या भिंतींना टेकतात, त्यांच्याजवळ गेलं की खेळ बदलतो, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे.

पावसाळ्यात खडकवासल्याच्या धरणातून पाणी सोडलं की मुठेवरच्या लकडी पुलावर उभं राहून खांबांच्या पायथ्याकडे बघा. खांबावर आपटलेलं पाणी तळाकडे जातं, खांबाच्या पायथ्याशी गुंडाळी घेतं आणि दोन्ही बाजूंनी मागे निघतं. घोड्याच्या नालेच्या आकाराचा भोवरा. नदीत तो खांबाच्या बुडाची माती उकरतो. ब्लेडच्या पुढच्या धारेशी, भिंतीजवळच्या मंद हवेत नेमकं हेच घडतं. फरक एवढाच की इथे खांबांच्या मधली वाट वळणारी आहे. त्यामुळे भोवऱ्याचा प्रेशर बाजूचा पाय वाट ओलांडून शेजारच्या ब्लेडच्या सक्शन बाजूकडे जातो आणि वाटेत भिंतीवरची मंद हवा गोळा करत फुगतो. तो पॅसेज व्हॉर्टेक्स. बुटक्या ब्लेडच्या टर्बाइनमध्ये एकूण तोट्याचा मोठा वाटा याचा असतो.

बघायला सोपा उपाय आहे. भिंतीवर काळा चिकट कागद लावा, पातळ तेलात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर आणि दोन थेंब ओलिक ॲसिड घोळून ब्रशने पुसटसं फिरवा आणि ब्लोअर लगेच पूर्ण वेगाने चालू करा. काही मिनिटांत रेघा उमटतात. ब्लेडच्या पुढे प्रवाह जिथे दुभंगतो, तिथे तेल साचून पांढरी कमान उमटते. फोटो चालू हवेतच काढा. ब्लोअर बंद केला की तेल ओघळतं.

मोजायला फाइव्ह-होल प्रोब लागतो, कारण इथे हवा वर-खालीही वळते. पिच गुणिले अर्धी उंची असा पूर्ण पडदा मोजायचा, म्हणजे सहज पाचशे-सहाशे बिंदू. एक अख्खा दिवस. हिशेब करताना आत येणाऱ्या हवेचा भिंतीवरचा बाउंडरी लेयर आधी मोजा आणि त्याचा तोटा वजा करा. तो ब्लेडने केलेला नाही, टनेलने आणलेला आहे. उरलेल्यातून मधल्या उंचीवरचा तोटा वजा केला की सेकंडरी लॉस, म्हणजे भिंतीजवळच्या भोवऱ्यांचा तोटा, राहतो. पुन्हा वजाबाकीची वजाबाकी, त्यामुळे इथे दहा टक्क्यांच्या आत खात्री मिळाली तरी समाधान मानतो.

लिहून ठेवताना

वहीत आणि रिपोर्टमध्ये नुसतं "तोटा २.८ टक्के" असं लिहिलेलं मी परत देतो. पूर्ण वाक्य असं असतं: "मधली उंची, धारेमागे अर्धी कॉर्ड, वस्तुमान-सरासरी, भाजक बाहेरचं आदर्श डायनॅमिक प्रेशर, बाहेरच्या वेगावर रेनॉल्ड्स नंबर २.९ लाख, मॅक नंबर ०.१४, ग्रीडशिवाय, धार १.१ मिमी, तोटा २.८ टक्के, अधिक-उणे ०.२." तो ०.२ कुठून आला? ट्रॅव्हर्स वेगवेगळ्या दिवशी तीनदा काढा, मधे प्रोब काढून परत लावा. एकाच दुपारी तीनदा मोजलेले आकडे नेहमीच जुळतात, त्याचं काही खरं नाही.

मॅक नंबर, म्हणजे हवेचा वेग भागिले ध्वनीचा वेग, लिहायचाच. ०.१४ ला हवा दबत नाही. मोठ्या इंजिनच्या टर्बाइनमध्ये ब्लेडच्या बाहेर वेग ध्वनीच्या आसपास जातो, तिथे शॉकचा तोटा वेगळा, आणि तो या टनेलमध्ये दिसत नाही.

निघताना ब्लोअर बंद, शून्याचं शेवटचं रीडिंग, आणि प्रोबच्या टोकाला टोपी. टोपी हरवली असेल तर बॉलपेनची चालते. आमच्याकडे ती निळी आहे, काकांनी बसवलेली.